लाकडाची मोटार

सुतारानं बनवलेली गाडी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडी येते. फार तर टांगा. शर्यती जिंकणारी मोटार लाकडाची असेल, असं कोणी सांगितलं तर आपण आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करू. पण इंग्लंडात अशी मोटार होती. तिचं नाव मार्कोस. आणि गंमत पुढेच आहे. ती सुट्या भागांत विकत मिळे, जोडायची आपली आपण!

यामागे होता खरेदी-कर. तयार मोटार घेतली तर हा कर द्यावा लागे. सुटे भाग आणून घरी जोडले तर माफ. कायद्याला फट दिसली की तीत बोट घालण्याची कला ही काही आपल्याच मंडळींची मिरास नव्हे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची तर अशी गोष्ट सांगतात, की गाडी जोडण्याच्या सूचना देता येत नाहीत म्हटल्यावर त्यानं ती सुटी करण्याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकानं त्या खालून वर वाचायच्या!

मार्कोस काढली ती १९५९ साली जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन या दोघांनी. नाव ठेवताना दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडले. आपल्याकडे जोशी आणि कुलकर्णी यांनी 'जोकु' नावाचं दुकान काढावं, तसंच. बरं, फ्रँकचा भाऊ माइक यानं आदल्याच वर्षी डकवर्थबरोबर 'कॉसवर्थ' ही इंजिनांची कंपनी काढली होती. म्हणजे एका घरातलं 'कॉस' एका पाटीवर शेवटी आणि दुसऱ्या पाटीवर आधी!

फ्रँक मूळचा विमानवाला. तो डी हॅविलंडमध्ये होता, आणि युद्धात याच कंपनीनं 'मॉस्किटो' हे लाकडी विमान उडवून दाखवलं होतं. वारा कापणाऱ्या आकारांत त्याचा हात धरणारा विरळा. १९५८ साली जगज्जेती ठरलेल्या व्हॅनवॉल मोटारीचं अंग त्याच्याच डोक्यातून निघालं. लाकूड विमानाला चालतं, तर मोटारीला का नको? त्यानं प्लायवूडचे तुकडे चिकटवून पेटीसारखा सांगाडा केला. हलका, आणि तरी न वाकणारा. पहिली गाडी दिसायला इतकी बेढब, की लोक तिला 'कुरूप बदक' म्हणत. बदक शर्यती जिंकायला लागलं, तेव्हा हसणं थांबलं. पुढे तीनदा जगज्जेता झालेला जॅकी स्ट्यूअर्ट आपल्या उमेदवारीत मार्कोसच चालवत होता.

पण दोनेक वर्षांतच कॉस्टिन बाहेर पडला. मग डेनिस आणि पीटर या अ‍ॅडम्स बंधूंनी १९६४ साली नवी मार्कोस आणली. कमरेएवढी बुटकी, पण देखणी. आत बसायचं म्हणजे जवळजवळ आडवंच व्हायचं. तिची बैठक हलत नसे. पायाखालची पेडलंच मागेपुढे सरकवायची. स्वतः मार्श सहा फुटांहून उंच. मालकाला आपल्याच गाडीत मावायचं असलं, की अक्कल चालते!

१९६६ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत छोटी मिनी मार्कोस पंधरावी आली. यात कसलं कौतुक? तर शर्यत पुरी करणारी ती एकमेव ब्रिटिश गाडी होती.

पुढे मात्र दिवस फिरले. लाकडी कामाला मजुरी फार, म्हणून १९६९ साली पोलादी सांगाडा आला. नंतर थोड्याच काळात कंपनी बुडाली. १९७३ साली खरेदी-कर जाऊन नवा कर आला आणि घरी जोडण्यातली बचतही संपली. मार्शनं १९८१ साली पुन्हा तेच दुकान उघडलं. हौसेला दिवाळं माहीत नसतं.

कॉस्टिन १९९५ साली गेला, मार्श २०१५ साली. त्यांची भागीदारी दोन वर्षं टिकली, लाकूड दहा वर्षं. पण मार्शनं पाटीवरचं 'कॉस' काही खरवडून काढलं नाही. सोडून गेलेल्या भागीदाराचं नाव इतकी वर्षं मिरवायला मन मोठं लागतं. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले, की पहिली पाटी बदलते!