सोन्याची निवड आणि कष्टकऱ्याचे घर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'सोन्याचे दागिने' असे सांगितले. ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ज्याचे आयुष्य विडी कारखान्यांच्या दारात हजारीचा दर वाढवून मागण्यात गेले, त्याने पाटल्या-बांगड्यांवर बोलावे याचे त्यांना नवल वाटले असावे. परंतु काम बंद पडल्यावर तिसऱ्या आठवड्यात कामगाराच्या घरातून काय बाहेर पडते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. प्रथम पितळेची भांडी जातात आणि मग बाईच्या गळ्यातला डाग जातो. तो डाग कोणत्या प्रकारचा आहे, यावर कामगार किती दिवस तग धरणार हे पुष्कळदा ठरते. म्हणून हा विषय आमच्या धंद्याबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

दागिना निवडताना सुखवस्तू घरी घडण पाहतात, नक्षी पाहतात. कष्टकऱ्याच्या घरी आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे मोड. घेतलेला डाग उद्या मोडला तर हाती काय येईल? भरीव पाटली मोडली तर बहुतेक सोने परत येते. पोकळ गोठ दिसतो जाड आणि भरतो हलका. खड्यांच्या दागिन्यातले खडे सोनार बाजूला काढून ठेवतो आणि त्यांचे मोल देत नाही. मुलाम्याचे तर बोलायलाच नको. राहता राहिला लाख भरलेला दागिना. त्याची ओळख आम्हांस फार लहानपणी झाली.

आमची आई तिरोड्याजवळच्या एका खेड्यात विड्या वळीत असे. दोन वर्षे भिशी लावून तिने एक तोळ्याची बोरमाळ केली. बोरमाळच का, तर थोड्या सोन्यात गळा भरून दिसतो. आमच्या वयाच्या चौदाव्या वर्षी कारखानदाराने पाने-तंबाखू देणे बंद केले आणि ती बोरमाळ मोडावी लागली. आम्ही आईबरोबर सोनाराच्या दुकानी गेलो होतो. त्याने मणी तापविले, तशी त्यांतून काळी लाख वाहू लागली आणि दुकानभर तिचा वास सुटला. सोने भरले सहा मासे. घेताना लाखेचे वजन सोन्याच्या भावाने धरले होते, मोडताना ते कोणीच धरले नाही. आणि ती लाख तरी कुठली? आमच्याच जंगलातल्या पळसांवरून आमच्या मामासारख्या कोणीतरी खरवडून काढलेली.

येथे सोनाराच्या कलेवर अन्याय होऊ नये. पातळ पत्र्याचा मणी चेपू नये म्हणून त्यात लाख भरतात. ती रीत जुनी आहे आणि प्रामाणिक कारागीर लाखेचे वजन वेगळे सांगतो. दोष लाखेचा नव्हे. एकाच्या हाती तराजू आणि कसोटी, दुसऱ्याच्या हाती नुसता विश्वास, असा तो व्यवहार होता. विडी कामगार बायांना हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. वळलेल्या विड्यांतून मालकाचा माणूस 'छाट' काढतो आणि तिची मजुरी बुडते, तेव्हाही गोष्ट तीच असते. छाटीच्या तंट्याचा निवाडा करण्याची सोय १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने तरी केली. सोन्याच्या घटीबद्दल मात्र गरिबाला पुढे कित्येक वर्षे दाद मागता येत नव्हती.

मग पूर्वीचे लोक साक्ष कोणाची घेत? ते शिक्क्याची घेत. आपण ज्यांना पुतळ्या म्हणतो, ते मूळचे नाणे आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. इटलीतील व्हेनिस या व्यापारी प्रजासत्ताकाने १२८४ साली डकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडण्यास आरंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम आणि कस जवळजवळ चोवीस कॅरेट. १७९७ साली ते राज्य बुडेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. व्यापाराच्या वाटेने ते आपल्याकडे आले. त्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तेथला अधिपती कोरलेला असे. आपल्या लोकांना ना तो संत ठाऊक, ना तो अधिपती. त्यांना दिसल्या त्या पुतळ्या, म्हणून नाण्याचे नाव पुतळी. आपल्या बायकांनी ती नाणी ओवून गळ्यात घातली. अंगावर शोभा आणि वेळप्रसंगी चलन, अशी ती दुहेरी सोय होती. पुढे देशी कारागिरांनी पातळ चकत्यांवर लक्ष्मीचा ठसा उमटवून पुतळ्या केल्या. नाव तेच राहिले, परंतु त्यामागची साक्ष गेली.

इंग्रजी अमलात ती जागा गिन्नीने घेतली. बारा भागांत अकरा भाग सोने, वजन आठ ग्रॅमला किंचित कमी. १९१८ साली तर हे नाणे मुंबईतही पाडण्यात आले. बाजारात 'गिन्नीचे सोने' म्हटले की बावीस कॅरेट, असा अर्थ रूढ झाला तो यामुळेच. अर्थात हे सारे सोने ऐपतदारांच्या घरचे. आमच्या पूर्वेच्या टापूत, छत्तीसगडच्या वाटेवर, मजुराच्या बायकोच्या गळ्यात चांदीचा सुतिया असे आणि सोने असलेच तर मण्यापुरते. तेवढेही १९३१ नंतरच्या मंदीत पुष्कळांना ठेवता आले नाही. शेतमालाचे भाव कोसळले होते, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र जागच्या जागी होते. देशभरच्या खेड्यांतून दागिने वितळून सोने जहाजांनी विलायतेस गेले. तेव्हाच्या सरकारने त्याला व्यापार म्हटले.

आता स्वराज्यातल्या गोष्टीकडे येऊ. तिच्यावर थोडे थांबावे लागेल, कारण सरकारने स्वतः जनतेसाठी दागिन्याची निवड केली, असा हा प्रसंग आहे. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले. संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. त्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण जारी केले. चौदा कॅरेटहून अधिक कसाचा नवा दागिना घडविण्यास बंदी झाली. तोळ्याचे मासे बारा. बावीस कॅरेटच्या तोळ्यात अकरा मासे सोने असते, चौदा कॅरेटच्या तोळ्यात सात मासे सोने आणि पाच मासे हीण. परदेशी चलन वाचवावे, चोरटी आयात थांबावी, सोन्याचा मोह कमी व्हावा, असा त्यामागचा हेतू होता. त्याला आम्ही वाईट म्हणणार नाही. देशाचे परदेशी चलन खरोखरच आटत चालले होते.

परंतु हिशेब चुकला तो सोनाराच्या ओट्यावर. चौदा कॅरेटचे सोने कडक असते. मऊ सोन्यावर ज्याचा हात बसला, त्याची हातोडी त्यावर चालेना, त्याचा डाख जुळेना, रंगही गिऱ्हाइकाच्या मनास येईना. देशभरातली लाखो सोनार कुटुंबे बेकार झाली. काहींनी जीव दिले. कोणी म्हणेल, सोनार म्हणजे व्यापारी, त्याचे दुःख कामगार चळवळीने का वाहावे? पेढीवर बसणारा सराफ वेगळा आणि त्याच्यासाठी मजुरीने शेगडी फुंकणारा कारागीर वेगळा. हा भेद त्या वेळी सरकारने केला नाही आणि स्पष्टच सांगायचे तर आमच्या बाजूच्या पुष्कळांनीही केला नाही.

गिऱ्हाइकाचे काय झाले? ज्या बाईने मोड पाहून दागिना घ्यायचा, तिला सरकार सांगू लागले की कमी मोडीचा घे. तिच्या म्हातारपणाची आणि आजारपणाची तजवीज मात्र कोणी करून ठेवली नव्हती. विडी उद्योगास भविष्य निर्वाह निधी लागू झाला तो १९७७ साली. चौदा वर्षे आधी तिच्या गळ्यातला निधी हिणकस करण्यास निघणे, हा उलटा क्रम झाला. तिने सरळ उत्तर दिले. नवे घेतले नाही, जुने जपले, आणि ज्यांना घ्यावेच लागले त्यांनी चोरून बावीसचे घेतले. नोव्हेंबर १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट उठली. १९६८ साली सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला आणि त्याची काही कलमे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये रद्द ठरविली. उरलेला कायदा १९९० साली रद्द झाला, तेव्हा अर्थमंत्री होते आपले मधु दंडवते.

मधल्या काळात 'केडीएम' नावाचा प्रकार निघाला. जुन्या डाखात तांबे-चांदी असे, त्यामुळे सांध्यांचा कस उतरे आणि मोडीत घट येई. कॅडमियमचा डाख वापरला तर ते तापताना उडून जाते आणि कस टिकतो. गिऱ्हाइकाचा लाभ झाला खरा. पण उडून जाते ते कुठे? ते शेगडीजवळ बसलेल्या कारागिराच्या छातीत जाते. कॅडमियमची वाफ फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे नासवते. आज हॉलमार्कच्या मालात त्याला परवानगी नाही, हे योग्यच झाले.

हॉलमार्क आपल्याकडे २००० साली आला, पण ऐच्छिक म्हणून. २३ जून २०२१ पासून पहिल्या टप्प्यात २५६ जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला आणि पुढे आणखी जिल्हे त्यात आले. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अक्षर-अंकांची वेगळी खूण लागते. ती सरकारी ॲपवर घालून पाहता येते. व्हेनिसच्या पुतळीनंतर प्रथमच सामान्य बाईच्या हाती दुकानदाराखेरीज दुसरा साक्षीदार आला, असे आम्हांस वाटते. मात्र घडणावळ किती घ्यावी, मोडीचा भाव काय द्यावा, याबद्दल हा साक्षीदार काही बोलत नाही. आणि त्या आदेशात एक फट आहे. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या डागास हॉलमार्कची सक्ती नाही. दोन ग्रॅमच्या आतला डाग घेतो कोण? मणी, फुली, एक वाटी, लहानसे डोरले, ही गरिबाची खरेदी नेमकी त्या फटीत सापडते. आमच्या युनियनने ही गोष्ट दरवर्षी लग्नसराईपूर्वी सभेत सांगण्याचा पाठ ठेवला आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातली एक बाई मुलीच्या लग्नाचा डाग घेण्यास गोंदियाच्या बाजारात निघाली आणि आम्हांस म्हणाली, "भाऊ, तुम्ही बी चला." दुकानदाराने आधी खड्यांचा हार मांडला, मग एक ग्रॅम सोन्याच्या मुलाम्याचा झगझगीत संच, आणि शेवटी दीड-दीड ग्रॅमच्या दोन वाट्या. "यांना शिक्का लागत नाही, ताई," तो म्हणाला, आणि ते खोटे नव्हते. बाईने तिन्ही बाजूला सारले. अडीच ग्रॅमचे साधे, बिनखड्याचे डोरले मागितले. घडणावळ आणि वजन बिलावर वेगवेगळे लिहून घेतले. मग भिंग मागितले. तिला स्वतःला वाचता येत नाही. तिने भिंग मुलीच्या हाती दिले आणि मुलगी एकेक अक्षर मोठ्याने वाचू लागली.