कपडेपटाचे ऋण

नाटक संपले की आपण नटाचे कौतुक करीत घरी परततो आणि आवडलेले पद गुणगुणतो. परंतु पडदा वर जाताच जी वस्त्रे प्रथम आपल्या दृष्टीस पडली ती कोणी बेतली, कोणी शिवली, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. मराठी रंगभूमीचा इतिहास चाळताना ही उपेक्षा आम्हाला पुनःपुन्हा जाणवली.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ उभे राहिले. पुढे गावोगावी फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांबरोबर कपड्यांच्या पेट्याही फिरू लागल्या. या साऱ्या संभाराला ‘कपडेपट’ असे नाव होते. तो सांभाळणारा माणूस रोज पडद्याआड राबे. नाटककारांची आणि नटांची चरित्रे लिहिली गेली. त्याच्या वाट्याला मात्र इतिहासात फारशी जागा आली नाही.

वेशभूषेचे वैभव मराठी माणसाने पाहिले ते बालगंधर्वांच्या रूपाने. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत भरजरी शालू आणि दागिने यांवर सढळ हाताने खर्च होई. त्यांची नेसण आणि केशरचना पाहून घरोघरच्या स्त्रिया तसे नेसू लागल्या. तथापि उत्तम वेशभूषा म्हणजे केवळ जरीचा झगमगाट नव्हे. ‘मानापमान’ (१९११) या नाटकातील श्रीमंत भामिनी गरीब वनमाला होऊन धैर्यधराची पारख करते. तेथे वेषांतर हाच कथेचा कणा आहे. ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधू अखेरीस दारिद्र्यात दळण दळते. तिच्या अंगावर शालू आला तर गडकऱ्यांची सारी शोकांतिकाच कोसळेल. तिचे जुनेर लुगडे निवडणाऱ्यालाही कलावंतच म्हणावे लागेल.

या कलेला मान मिळण्यास मात्र विलंब लागला. कोल्हापूरच्या कन्या भानू अथैया यांना १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळाले आणि भारताला हा बहुमान प्रथमच लाभला. परंतु तो चित्रपटाचा सन्मान होता. नाट्यवेशभूषेसाठी संगीत नाटक अकादमीने १९९० साली रोशन अल्काझी यांचा गौरव केला. पती इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकांना वेश देताना त्यांनी भारतीय पोशाखांच्या इतिहासाचा सखोल अभ्यास केला व त्यावर ग्रंथ लिहिले. महाराष्ट्र शासनाच्या व्यावसायिक नाट्यस्पर्धेतही नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्या जोडीने वेशभूषेला पारितोषिक मिळते, ही समाधानाची गोष्ट होय.

पारितोषिक देताना परीक्षकांनी काय पाहावे? आमच्या मते वस्त्र किती किमती आहे हे न पाहता ते त्या पात्राचेच वाटते की नाही, हे पाहावे. तसे झाले तर ऐतिहासिक नाटकातील अंगरख्याइतकाच सामाजिक नाटकातील विटका सदराही बक्षिसास पात्र ठरेल.

आपल्या धर्मग्रामातही सणासुदीला नाटके होतात. कोणी माउली रात्र जागून मेंढपाळाचा झगा शिवते, कोणी आपली लग्नातली साडी देऊ करते. आभाराच्या भाषणात मात्र त्यांचे नाव शेवटी येते, पुष्कळदा राहूनच जाते. मोठे सन्मान देणाऱ्या संस्था आपले कार्य करोत. त्या माउलीचे नाव उच्चारणे तर आपल्याच हाती आहे. पुढच्या नाटकाच्या वेळी आपण ते विसरू नये, इतकेच आमचे मागणे आहे.