जुन्या आउटबोर्ड इंजिनाची असमान चाल

लहान नौकेच्या मागील फळीवर बाहेरून बसवलेल्या इंजिनाला आउटबोर्ड इंजिन म्हणतात. थ्रॉटल स्थिर असूनही त्याची गती कमीजास्त होणे, ते अडखळणे किंवा मंद गतीत बंद पडणे, म्हणजे इंजिनाची असमान चाल होय. कार्बुरेटर असलेल्या जुन्या, लहान टू-स्ट्रोक इंजिनांत हा दोष वारंवार आढळतो. इंधनपुरवठा, ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब यांपैकी एकात जरी बिघाड झाला तरी चाल बिघडते. लक्षण सारखे दिसले तरी कारणे भिन्न असतात. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन संशोधक ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे आउटबोर्ड इंजिन तयार केले व ते व्यापारी दृष्ट्या यशस्वी ठरले. पुढील अनेक दशके लहान आउटबोर्ड इंजिने प्रामुख्याने टू-स्ट्रोक पद्धतीचीच होती. रचना साधी असल्याने त्यांपैकी बरीच आजही दुरुस्त करता येतात.

दोषाचे गांभीर्य

टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल इंधनातच मिसळलेले असते. त्यामुळे इंधन अपुरे पडले की वंगणही अपुरे पडते. हवेच्या मानाने इंधन कमी असलेल्या मिश्रणावर इंजिन जोराने चालवल्यास दट्ट्या तापतो, त्यावर ओरखडे उठतात आणि तो सिलिंडरमध्ये अडकून बसू शकतो. शिवाय खाडीच्या मुखाशी किंवा वेगवान प्रवाहात इंजिन बंद पडल्यास नौका भरकटण्याचा धोका असतो.

इंधनपुरवठा

सर्वप्रथम टाकीच्या झाकणावरील हवेचे छिद्र उघडे आहे का, ते पाहतात. ते बंद असल्यास इंजिन काही मिनिटे नीट चालते आणि मग इंधनाअभावी अडखळते. नळीवरील रबरी हातपंप आपोआप चपटा होत असल्यास अडथळा टाकी व हातपंप यांच्या दरम्यान आहे, असे समजावे. हातपंप दाबत राहिल्यावर चाल सुधारत असेल, तर इंजिनावरील इंधनपंपाचा पडदा फाटलेला असणे किंवा नळीच्या जोडातून हवा शिरत असणे संभवते.

चोक किंचित ओढल्यावर चाल सुधारली तर मिश्रणात इंधन कमी आहे. अधिक बिघडली तर इंधन जास्त आहे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बुरेटरच्या जेटमध्ये साचतो, हे इंधन कमी पडण्याचे सर्वपरिचित कारण आहे. अशा वेळी कार्बुरेटर उघडून जेट व त्यातील मार्ग साफ करावे लागतात. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या नळ्या व पडदे यांच्या रबराला अपाय करू शकते.

तेलाचे प्रमाण निर्मात्याच्या सूचनेनुसार ठेवावे. १:५० प्रमाणासाठी १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, तर १:२५ साठी ४० मिलिलिटर तेल लागते. अनेक जुन्या इंजिनांना दुसरे प्रमाण लागते.

ठिणगी

प्लगच्या टोकाचा फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो. काळा व ओला प्लग ठिणगीचा अभाव किंवा इंधनाचा अतिरेक, तर पांढरट प्लग इंधनाची कमतरता सुचवतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात, इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या धातूला जोडतात आणि मग इंजिन सुरू करतात. चालीत फरक न पडल्यास तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता, असे सिद्ध होते. यानंतर प्लग, वायर, कॉइल, कंडेन्सर व फ्लायव्हीलखालील पॉइंट तपासतात. गंजलेले किंवा चुकीच्या अंतरावर बसवलेले पॉइंट असमान चालीस कारणीभूत ठरतात. ठिणगीची चाचणी इंधनाच्या वाफांपासून दूर करावी.

सिलिंडरमधील दाब

दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. दोन सिलिंडरच्या दाबांत मोठी तफावत असल्यास रिंगा झिजल्या असण्याची किंवा हेडचे गॅस्केट फुटले असण्याची शक्यता असते. दाब योग्य असूनही कार्बुरेटरच्या तोंडातून इंधनाचे तुषार मागे उडत असल्यास रीड व्हॉल्व्ह तपासावेत. दाबच नसेल, तर कार्बुरेटरची सफाई व नवे प्लग यांचा उपयोग होत नाही; म्हणून ही चाचणी खर्चापूर्वी करणे हिताचे असते.

दक्षता

चाचणी नौकेवर किंवा पाण्याने भरलेल्या पिंपात घ्यावी. पाण्याविना चालवल्यास थंड पाणी खेचणारा रबरी इंपेलर अल्पावधीत खराब होतो. पिंप उघड्या जागेवर ठेवावे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो. इंजिनाचा वेग वाढूनही नौका पुढे सरकत नसेल, तर दोष बहुधा प्रॉपेलरच्या पिनेत किंवा त्याच्या रबरी गाभ्यात असतो. तो असमान चालीचा प्रकार नव्हे.