३९२७ आलं कुठून?

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरचे चार दिवस माझ्या एका ओळीमुळे वाया गेले. तो लातूरच्या पावसाची रोजची सरासरी काढत होता आणि त्यासाठी मी नांदेडच्या नोंदींवर लिहिलेला नमुना कोड वापरत होता. उत्तर असं भरघोस आलं, की २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूर हेच का, असं वाटावं. कोडमध्ये शून्याच्या नोंदी गाळल्या होत्या आणि त्यावर माझी कमेंट होती : 'चुकीच्या नोंदी काढल्या.' माझ्या फाइलमध्ये फक्त पावसाचेच दिवस होते, त्यामुळे तिथं शून्य म्हणजे राहून गेलेली नोंद. त्याच्या फाइलमध्ये शून्य म्हणजे खरोखरचा कोरडा दिवस. पोरानं माझ्या ओळीवर विश्वास ठेवला, त्याचं काय चुकलं?

कमेंट ही माणसासाठी लिहिलेली ओळ, संगणक ती वाचत नाही. १९५७ च्या फोर्ट्रानमध्ये पहिल्या रकान्यात 'सी' अक्षर टाकलं की कंपायलर ती ओळ सोडून देई. १९७४ मध्ये कर्निघन आणि प्लॉगर यांनी छापील पाठ्यपुस्तकांतलेच प्रोग्रॅम घेऊन ते सुधारून दाखवले. कोड जे सांगतो तेच कमेंटनं पुन्हा सांगू नये, हा त्यांचा एक आग्रह होता. कारण सांगायला हवं.

पण नियम एकानं लिहायचा आणि कारण दुसऱ्यानं उलगडायचं, हे आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनं आहे.

११५० ची भास्कराचार्यांची 'लीलावती' बघा. आधी सूत्र, मग उदाहरण, मग न्यास म्हणजे दिलेले आकडे मांडून दाखवणं. आजच्या डॉक्युमेंटेशनची मांडणी याहून फार वेगळी नसते. वर्तुळाचा नियम असा : व्यासाला ३९२७ नं गुणा, १२५० नं भागा, की सूक्ष्म परिघ मिळतो. २२ नं गुणून ७ नं भागलं तर स्थूल, व्यवहारापुरता. कोणता आकडा कुठं वापरायचा हे स्पष्ट आहे (मला तेवढंही जमलं नव्हतं). पण ३९२७ च का? श्लोकात एवढी जागाच नसते.

ते कारण सुमारे चारशे वर्षांनी, १५४५ च्या 'बुद्धिविलासिनी' टीकेत सापडतं. टीकाकार 'ग्रहलाघव'वाले गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे. ते सांगतात, व्यास १०० चं वर्तुळ घ्या, आत षटकोन काढा आणि बाजू दुप्पट करत जा : १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४. त्या ३८४ बाजूंची बेरीज जवळजवळ परिघाएवढी होते आणि तिचं व्यासाशी गुणोत्तर येतं ३९२७ ला १२५०. आता वाचणाऱ्याच्या हातात नुसता आकडा राहिला नाही. आणखी सूक्ष्म उत्तर हवं असेल तर पुढं काय करायचं, तेही त्याला कळलं.

गंमत म्हणजे आर्यभटाचं ६२८३२ ला २०००० हे गुणोत्तर १६ नं भागलं की हेच आकडे येतात. म्हणजे आकडा आधीपासून वापरात होता, कारण मागाहून आलं. आपणही जुन्या कोडमधला आकडा उचलतो, तसंच काहीसं.

यात आपल्या भागाचाही माणूस आहे. गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे, सूर्यदास. त्यांनी १५३८ मध्ये भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर आणि १५४१ मध्ये 'लीलावती'वर टीका लिहिली. सुलट वाचलं तर रामकथा, उलट वाचलं तर कृष्णकथा असं काव्य रचणारे हेच. एवढी अवघड रचना जमणारा माणूस दुसऱ्याचं गणित सोपं करून सांगत बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माझी कमेंट आता अशी आहे : 'या फाइलमध्ये फक्त पावसाचे दिवस आहेत, म्हणून शून्य म्हणजे राहून गेलेली नोंद, ती गाळली. रोजच्या नोंदींची फाइल असेल तर ही पायरी काढून टाका.' ज्युनिअरनं वाचली आणि विचारलं, "दादा, फाइल कोणती आहे हे ओळखायचं कसं?" तेही लिहायचं राहिलंय.