विरंजित केस

विरंजित केस म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रसायनाने मेलॅनिन हे रंगद्रव्य नष्ट करून फिकट केलेले केस. या प्रक्रियेत केराटिन प्रथिनातील गंधकबंधही तुटतात व केस सच्छिद्र, ठिसूळ होतात. ओलसर केसांवर तापलेला स्ट्रेटनर फिरवल्यास आतील पाण्याची वाफ होऊन पोकळ बुडबुडे निर्माण होतात आणि केस तुटतो. म्हणून केस पूर्ण वाळवून कमी तापमान वापरणे इष्ट ठरते.

मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खनिज, सूर्यफूल व खोबरेल या तेलांपैकी केवळ खोबरेलाने विरंजित केसांतीलही प्रथिनहानी लक्षणीय घटल्याचे आढळले. त्यातील लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसांत शिरतात. मात्र त्वचेबाहेरील केस निर्जीव असल्याने झालेली हानी भरून येत नाही. महिन्याला सुमारे १ सेंमी वाढणारा नवा केसच निरोगी असतो.