उभें चित्र आणि आडवा कॅमेरा

लग्नाच्या मांडवांत किंवा क्रीडांगणाच्या कडेला एखादा धंदेवाईक छायाचित्रकार उभा दिसला म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याच्या बुडाशीं विटेसारखा एक काळा ठोकळा बहुधा नजरेस पडतो. पाहणाराची समजूत अशी होते कीं, हा कॅमेराच मोठ्या ताकदीचा व मोठ्या किंमतीचा असावा. वस्तुतः पुष्कळ वेळां तो ठोकळा मूळ कॅमेऱ्याचा भाग नसतो. ती मागाहून जोडलेली एक मूठ असते. धंद्यांत तिला ‘बॅटरी ग्रिप’ म्हणतात. तिच्या पोटांत बहुधा दोन बॅटऱ्या मावतात आणि तिच्या एका कोपऱ्यावर शटरची दुसरी कळ असते. नांव पडलें तें बॅटरीवरून. परंतु ज्या छायाचित्रकारानें ती वर्षानुवर्षें वापरली आहे त्याला विचारलें, तर तो बॅटरीच्या आधीं आपल्या कोपराची व मनगटाची गोष्ट सांगेल. या मुठीचा इतिहास म्हणजे विजेची भूक आणि हाताचा शीण या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या त्याचा इतिहास होय.

छायाचित्रणाच्या आरंभींच्या काळांत हा शीण फारसा जाणवत नसे. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर ठेवलेली लाकडी पेटी. चित्र उभें हवें असल्यास कांच धरणारी मागची चौकटच फिरवून बसवितां येई. पेटी जागची हलत नसे. पुढें अमेरिकेंतील ग्राफ्लेक्स कंपनीनें हातांत धरण्याच्या आपल्या कांहीं कॅमेऱ्यांना अशीच फिरती पाठ दिली. माणूस उभा असो कीं आगगाडी आडवी असो, कॅमेरा सरळच राही व पाठ तेवढी फिरे.

ही सोय नाहींशी झाली ती एका मोठ्या सुधारणेबरोबर. जर्मनींत वेट्सलार गांवीं लाइट्स यांच्या कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कारागीर काम करीत असे. त्याला दम्याची व्यथा होती. जड कॅमेरा व कांचा पाठीवर घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. तेव्हां सन १९१३-१४ च्या सुमारास त्यानें चित्रपटाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन खिशांत मावेल असा लहानसा कॅमेरा तयार केला. चित्रपटाच्या यंत्रांत ही फिल्म वरून खालीं सरकते व तिच्यावरील चित्र सुमारें २४ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर उंच असतें. बार्नाकनें फिल्म आडवी घातली व दोन चित्रांची जागा एका चित्रास दिली. त्यामुळें २४ मिलिमीटर उंच व ३६ मिलिमीटर रुंद अशी चौकट सिद्ध झाली. सन १९२५ सालीं लाइप्झिगच्या जत्रेंत हा कॅमेरा ‘लायका’ या नांवानें लोकांपुढें आला आणि त्याची चौकट पुढें साऱ्या जगाची चौकट होऊन बसली. माणसाला आडवें चित्र अधिक आवडतें म्हणून कांहीं ती आडवी झाली नव्हती. लहान यंत्रांत फिल्म त्या दिशेनें नीट धांवत होती, एवढेंच तिचें कारण.

आतां अडचण अशी कीं, माणूस उभा प्राणी आहे. एकट्या व्यक्तीचें चित्र घ्यावयाचें झालें तर चौकट उभी लागते. मासिकाचें पान उभें आणि मुखपृष्ठही उभें. ज्याला आपलें चित्र मुखपृष्ठावर यावें असें वाटे, त्याला कॅमेरा वळविण्यावांचून गत्यंतर नसे. कॅमेरा नेहमींप्रमाणें आडवा धरला असतां दोन्ही कोपरें छातीशीं टेकतात आणि शरीर स्वतःच तिपाईचें काम करतें. परंतु तोच कॅमेरा उभा केला कीं उजवा हात डोक्याच्या वर जातो, कोपर पंखासारखें हवेंत उघडें पडतें आणि मनगट मुरगळल्यासारखें वाकतें. सारा भार डाव्या तळव्यावर येतो. एक-दोन चित्रांपुरतें हें कोणासही साधेल. परंतु सहा-आठ तास तोच उद्योग करणाराचा खांदा संध्याकाळीं बोलूं लागतो. शिवाय आधार सुटलेला हात कांपतो, व मंद प्रकाशांत तो कंप चित्रांत उतरतो.

कांहींनीं हा प्रश्न मुळांतूनच टाळला. सन १९२९ च्या सुमारास निघालेल्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याचें चित्र सहा सेंटिमीटर चौरस असे. चौरसाला उभें काय आणि आडवें काय! मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला यांच्या हातीं रोलायफ्लेक्स असे. तो पोटाशीं धरावयाचा, वरून आंत पाहावयाचें व चित्र टिपावयाचें. वळविण्याचा प्रश्नच नाहीं. जपानांत ऑलिंपस कंपनीनें सन १९५९ मध्यें ‘पेन’ नांवाचा कॅमेरा काढला. त्यांत तीच ३५ मिलिमीटरची फिल्म असून चित्र मात्र अर्ध्या आकाराचें, म्हणजे १८ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच पडे. अर्थात् तो सरळ धरला कीं चित्र आपोआप उभें येई. परंतु वृत्तपत्रांच्या व मासिकांच्या धंद्यांत बार्नाकची आडवी चौकटच प्रबळ ठरली.

या कथेचा दुसरा प्रवाह शक्तीचा आहे. प्रत्येक चित्रानंतर फिल्म अंगठ्यानें पुढें सरकवावी लागे आणि तेवढ्या वेळांत क्षण निसटून जाई. सन १९३४ मध्यें जर्मनींत ‘रोबोट’ नांवाचा कॅमेरा निघाला. त्यांत घड्याळासारखी चावी देण्याची कमान होती व ती फिल्म आपोआप सरकवी. विजेची मोटर धंद्यांत खरी रुळली ती जपानच्या निकॉन कंपनीच्या कॅमेऱ्यांबरोबर. सन १९५९ सालच्या निकॉन एफ या कॅमेऱ्याला बुडाशीं मोटर जोडतां येई. मात्र आरंभीं तिच्या बॅटऱ्यांची पेटी वेगळी असे व ती तारेनें जोडावी लागे. शिवाय प्रत्येक मोटर त्या त्या कॅमेऱ्याशीं कारखान्यांत जुळवून घ्यावी लागे; एकाची मोटर दुसऱ्यास चालत नसे. पुढें बॅटऱ्या मोटरीच्या खालींच बसविण्यांत आल्या, आणि कॅमेऱ्याच्या बुडाशीं ठोकळा आला तो असा. त्यानें वजन वाढविलें खरें, पण हाताला एक भरीव पकडही दिली.

येथेंच दोन्ही प्रवाह एकत्र आले. बुडाशीं ठोकळा आहे, त्यांत वीज आहे. मग कॅमेरा उभा धरला असतां जेथें उजव्या हाताचें बोट सहज पडतें तेथें शटरची दुसरी कळ कां असूं नये? कॅनन कंपनीच्या सन १९७८ सालच्या ए-१ कॅमेऱ्यासाठीं जी मोटर निघाली तिला अशी दुसरी कळ होती. सन १९८८ मध्यें निकॉन एफ-४ निघाला. त्याच्या अंगांतच मोटर होती. तरीही मोठी बॅटरी-मूठ लावून तो ‘एफ-४ एस्’ या रूपानें विकला जाई, व त्या मुठीवर उभ्या चित्रासाठीं निराळी कळ होती. सन १९८९ सालच्या कॅनन ईओएस्-१ कॅमेऱ्यालाही अशीच जोडमूठ मिळाली. ती लावली कीं सेकंदाला अडीचऐवजीं साडेपांच चित्रें निघत. कॅमेरा वळविला तरी कोपर अंगाशीं आणि मनगट सरळ! साठ-पासष्ट वर्षांपूर्वीं फिल्म आडवी घालतांना जो त्रास नकळत माणसाच्या हाताच्या वांट्याला आला होता, त्याची भरपाई अशी झाली.

डिजिटल कॅमेरा आला आणि विजेची भूक शतपटीनें वाढली. सन १९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं जो पहिला प्रयोग केला, त्याला सोळा सेल लागत व एक चित्र फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. सन १९९१ मध्यें कोडॅकनेंच निकॉन एफ-३ च्या अंगावर आपलें यंत्र चढवून धंद्याचा कॅमेरा विक्रीस काढला. पण त्याची बॅटरी व चित्रें सांठविण्याची तबकडी एका वेगळ्या पेटींत असून ती खांद्यास अडकवावी लागे. पुन्हां तीच तार आणि तीच पेटी! सन १९९९ सालच्या निकॉन डी-१ मध्यें मात्र बॅटरी, उभी मूठ व दुसरी कळ हीं सारीं एकाच देहांत सामावलीं. जे कॅमेरे त्याहून लहान व स्वस्त होते, त्यांच्यासाठीं सुटी मूठ राहिली. कॅननच्या डी-३० साठीं सन २००० मध्यें व निकॉनच्या डी-१०० साठीं सन २००२ मध्यें अशा मुठी निघाल्या. हौशी माणूस आपल्या सोयीप्रमाणें ती लावी वा काढी.

मूठ लावल्यानें कांहीं कॅमेऱ्यांचा वेग कसा वाढे, हें समजून घेण्याजोगें आहे. सन २००७ सालचा निकॉन डी-३०० एकटा असतां सेकंदाला सहा चित्रें घेई. मुठींत मोठी बॅटरी घातली म्हणजे आठ. त्याची स्वतःची बॅटरी ७.४ व्होल्टची व १५०० मिलिअँपिअर-तासांची. मुठींत घालावयाची मोठी बॅटरी ११.१ व्होल्टची व २५०० मिलिअँपिअर-तासांची. म्हणजे सांठा अडीचपट, आणि दाबही दीडपट. आरसा उचलणें आणि शटर ताणणें हीं मोटरीचीं कामें आहेत, व दाब वाढला कीं मोटर चपळ होते. त्याच मुठींत आठ पेन्सिल सेलही बसत, व त्यांनींही वेग वाढे. जेथें बॅटरी भारून घेण्याची सोय नाहीं अशा आडगांवीं सेल वाण्याच्या दुकानांतही मिळतात, ही गोष्ट फिरतीवर असलेल्या माणसाला मोलाची वाटे.

मूठ वापरण्याची रीत सोपी आहे. मात्र कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. पुष्कळ मुठींना एक दांडा असतो. कॅमेऱ्याच्या बॅटरीचें झांकण काढून तो दांडा त्या खणांत घालतात, आणि तिपाईच्या आट्यांत मुठीचा स्क्रू चाकानें आवळतात. काढलेलें झांकण हरवूं नये म्हणून कांहीं मुठींत त्यासाठीं खांच ठेवलेली असते. डी-३०० सारख्यांत दांडा नसून केवळ विजेचे स्पर्शबिंदू असत व कॅमेऱ्यांतली बॅटरी जागींच राही. उभ्या कळीभोंवतीं बहुधा एक कुलूप असतें. कॅमेरा आडवा धरला असतां तळव्याच्या दाबानें नको तें चित्र निघूं नये म्हणून तें लावून ठेवावें. थंड प्रदेशांत बॅटरी लवकर दमते. तेथें दोन बॅटऱ्यांचा आधार विशेष उपयोगी. मूठ तिपाईवर लावली असतां चाक नीट आवळलेलें आहे कीं नाहीं हें अवश्य पाहावें, कारण सांधा सैल असेल तर जड भिंगाखालीं तो किंचित् डोलतो.

दोषही सांगितले पाहिजेत. बार्नाकनें जें वजन कमी करण्यासाठीं एवढी खटपट केली, तेंच वजन मूठ परत आणते. लहान पिशवी पुरत नाहीं. प्रवासांत व डोंगरांत ती ओझेंच होते. ज्याला दिवसांतून दहा-वीस चित्रें घ्यावयाचीं आहेत, त्यानें केवळ रुबाबासाठीं ती लावणें म्हणजे चार पावलें चालण्यासाठीं घोडा बाळगणें होय.

आरसा नसलेले नवे कॅमेरे आल्यावर हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. सन २०१३ सालचा सोनीचा ए-७ अंगानें लहान, पण त्याची बॅटरीही लहान. प्रमाणित कसोटीप्रमाणें एका बॅटरींत सुमारें ३४० चित्रें. तेव्हां दोन बॅटऱ्यांच्या मुठीची गरज उघडच होती. सन २०१८ मध्यें निकॉननें आपल्या झेड-६ व झेड-७ या कॅमेऱ्यांसाठीं मूठ जाहीर केली. तिच्यांत दोन बॅटऱ्या बसत, परंतु तिच्यावर एकही कळ नव्हती. विजेचा हिशेब बरोबर होता, हाताचा मात्र चुकला होता. वापरणारांनीं नापसंती दाखविली, आणि सन २०२० मध्यें त्या कॅमेऱ्यांच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर जी मूठ आली तिच्यावर उभी कळ व चाकें होतीं. केवळ बॅटरीचा डबा म्हणजे ही मूठ नव्हे, हें त्यावरून स्पष्ट झालें.

आतां घरोघरीं चित्रें निघतात तीं मोबाईलवर. आणि मोबाईल माणूस उभाच धरतो. त्यामुळें ज्या उभ्या चित्रासाठीं दोन पिढ्यांनीं खांदे दुखवून घेतले, तें आज विनासायास निघतें, व आडवें चित्र हवें असेल तर हात वळवावा लागतो. चौकट कोणती असावी हें पुष्कळदां डोळा ठरवीत नाहीं. यंत्राची घडण व हाताची सवयच तें ठरवून टाकते. म्हणून नवें यंत्र करणारानें त्याच्या शक्तीबरोबरच तें दिवसभर धरणाऱ्या हाताचाही विचार केला पाहिजे. तो आरंभीं राहून गेला तर कधीं ना कधीं एखादी जोडमूठ लावून भरून काढावाच लागतो, आणि तोंपर्यंतचा शीण मात्र कोणा तरी माणसाच्या खांद्याला सोसावा लागतो.