धमनी : एका शब्दाची कुळकथा

वैद्य रोग्याच्या मनगटावर बोटे ठेवतो, तेव्हा त्या बोटांखाली उडणाऱ्या रक्तवाहिनीस धमनी म्हणतात. या शब्दाचा मूळ धातू ‘ध्मा’, म्हणजे फुंकणे. गीतेच्या पहिल्या अध्यायात वीर आपापले शंख फुंकतात, तेथे हाच धातू योजिला आहे; पोट वायूने फुगते त्या विकाराला वैद्य आध्मान म्हणतात, तेही त्यावरूनच. ऋग्वेदात धमनी हा शब्द फुंकण्याशी निगडित अर्थाने येतो. अथर्ववेदातील रक्तस्राव थांबविण्याच्या सूक्तात तो शरीरातील वाहिन्यांना लावलेला आढळतो. रक्ताच्या वाहिनीला फुंकण्यावरून नाव का पडावे, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

चरकाने त्याचे उत्तर व्युत्पत्तीनेच दिले आहे. ध्मानामुळे धमनी, स्रवण्यामुळे स्रोतस आणि सरण्यामुळे सिरा, असा भेद तो करतो. टीकाकार चक्रपाणी येथे ध्मानाचा अर्थ भरून फुगणे असा लावतो. सुश्रुताच्या काळी हे तिन्ही एकच आहेत असे मानणारे लोक होते; सुश्रुताने त्यांचे खंडन केले आहे. त्याच्या मते धमन्या चोवीस असून त्या नाभीपासून निघतात, आणि त्यांच्याकडे श्वास, शब्द, हास्य, रुदन अशी नाना कामे सोपविलेली आहेत.

नवलाची गोष्ट अशी की, ग्रीक भाषेतही हाच योग जुळून आला. ‘आर्टरी’ या इंग्रजी शब्दाचे मूळ जे ग्रीक ‘आर्टेरिया’, तो शब्द श्वासनलिकेलाही लावीत. पुढे दोहोंत घोटाळा होऊ नये म्हणून श्वासनलिकेला ‘खरखरीत आर्टेरिया’ म्हणू लागले. त्यातील ‘खरखरीत’ या अर्थाचे विशेषण तेवढे उरले, आणि तेच आजचे ‘ट्रॅकिया’ हे नाव होय.

ग्रीकांची ही समजूत केवळ कल्पनेतून आलेली नव्हती. मृत्यूनंतर धमन्या आकुंचन पावतात व त्यांतील बरेचसे रक्त शिरांकडे जाते. त्यामुळे शवच्छेदनात त्या रिकाम्या आढळतात. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एरासिस्ट्रॅटस याने त्यावरून धमन्यांत प्राणवायूसारखे एक तत्त्व खेळते असे ठरविले. मग जखमेतून रक्त का उसळते? त्याचे उत्तर होते की, ते तत्त्व निसटताच पोकळी होते आणि शेजारच्या शिरांतून तेथे रक्त ओढले जाते. तर्क निर्दोष होता, पण निष्कर्ष चुकीचा.

इ. स. च्या दुसऱ्या शतकात गेलेन याने जिवंत प्राण्याची धमनी उघडी केली, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधली आणि मधला भाग कापला. आत रक्तच होते. दोन दोऱ्यांच्या गाठींनी चार शतकांचा सिद्धांत कोसळला. तथापि रक्त फिरून हृदयाकडे येते, हे गेलेनलाही उमगले नव्हते. ते विल्यम हार्वे याने 1628 साली सिद्ध केले. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते तेवढे खाल्लेल्या अन्नापासून तयार होणे अशक्य आहे, हे त्याने साध्या हिशेबाने दाखविले. धमन्या व शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या 1661 साली माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

ज्ञान पालटले, शब्द मात्र पालटला नाही. मराठी शास्त्रीय लेखनात धमनीला रोहिणी व शिरेला नीला अशीही नावे आहेत. तांबडी आणि निळी असा त्यांचा वाच्यार्थ. ही नावे निर्दोष म्हणावीत, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत काळसर, अशुद्ध रक्त असते, आणि तेथून परतणाऱ्या नीलेत लालभडक! तेव्हा नुसत्या व्युत्पत्तीवर विसंबणारा विद्यार्थी धमनीत वारा शोधील आणि रोहिणीत तांबडा रंग, दोन्हीकडे फसेल. आज धमनीची व्याख्या हृदयापासून दूर रक्त नेणारी वाहिनी एवढीच आहे. परिभाषा घडविणाऱ्यांचे काम तेथे संपत नाही. नावाने ओळख करून द्यावी, पण अर्थ मात्र प्रत्येक पिढीने गेलेनप्रमाणे स्वतः तपासून घ्यावा, हेच या जुन्या शब्दाच्या इतिहासाचे सांगणे आहे.